मंगळवारचा मसूर

वाच परत. — नाही गं, ते वजन-बिजन राहू दे, मंगळवारचं वाच. मंगळवार दुपार. — मसूर? दोन वाट्या मसूर, एक गाजर, तमालपत्र? पोरी, तू वही चुकलीस. तुमच्या त्या दवाखान्यात अशा चाळीस वह्या पडल्या असतील टेबलावर, कुणाचं काळीज कुणाच्या वहीत जाईल काय नेम! माझ्या घरात मसूर नाही. कधीच नव्हता. जा, आत जाऊन फडताळ उघडून बघ — पीठ, मीठ, पांढरा घेवडा, ठिपक्यांचा घेवडा, अक्रोड — मसूर सापडला तर स्तामेन्का नाव लावणार नाही मी. मागच्या मंगळवारी मी घेवडा केला होता. चांगलं आठवतंय, त्याच दिवशी मिरच्यांचा ट्रॅक्टर आला आणि मी अर्धा सोललेला कांदा हातात घेऊन रस्त्यावर पळाले. घेवडा! बघू, आण इकडे ती वही. — हं. अक्षर तर त्याचंच. असं जाडजूड, एका ओळीत तीन शब्द बसवणारं अक्षर तिहोमिरचंच. मग त्यानं मसूर का लिहावा? घेवडा आणि मसूर कळत नाही माझ्या नवऱ्याला?

बस, बस, उठू कशाला लागलीस? त्या पालथ्या पेटीवर बस, आणि ही सुरी घे. भाजलेल्या मिरच्या गरम आहेत तोवर सोलून होतील, गार झाल्या की साल धरून बसतात. बरण्या भरायचा मिरच्यांचा हा आयवार काय आपोआप होतो का? बोलता बोलता सोल. — आधी सांग, तू कुणाची? मिल्याना हे नाव झालं, मी विचारते कुणाची, वडील कोण, गाव कुठलं? — व्लासोतिन्त्से. बरं. तिथे माझी नणंद दिलीये. ओळखतेस? — नाही ओळखत म्हणतेस, पण मान खाली घातलीस ती? बरं, मिरचीकडे बघत होतीस, असेल. कुणी पाठवलं तुला? दवाखान्यानं, ते कळलं. पण सहा महिने झाले त्याच्या खाण्याची वही सुरू होऊन, दर सोमवारी तो स्वतः सायकलवर जाऊन देऊन येतो, आजवर कुणी उंबरा चढलं नाही आमचा. आणि आजच, तो घरी नसताना, नेमकी आजच पळी मोजायला आलीस? — होय, ऐकलं मी. त्यानं 'एक पळी' लिहिलंय आणि आमची पळी केवढी ते तुम्हाला ठाऊक नाही. असेल बाई. ती बघ, खुंटीला आहे, माझ्या आईची पळी आहे ती, भर पाणी आणि मोज. पण मला विचारशील तर पाणी दुसरीकडेच कुठंतरी मुरतंय.

मार्चमध्ये पडला तो. रविवारी, भर दुपारी, जाळीपुढे, हातात चिमटा. एकतीस वर्षं लेस्कोवात्सात निखाऱ्यासमोर उभा राहिलेला माणूस आहे माझा — कुणाचं लग्न असो नाहीतर निवडणूक असो, मांस भाजायचं तर तिहोमिरनंच. निखाऱ्यावर नुसता हात धरला की सांगायचा, अजून दोन मिनिटं थांबा. तो पडला तेव्हा लोक म्हणे आधी मांस उलटायला धावले आणि मग त्याला उचललं, त्यांनाही दोष देत नाही मी. मग निशच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, छातीत नळी बसवली, आणि नवव्या दिवशी माणूस आणि एक कागद माझ्या हातात दिला. मांस आठवड्यातून दोनदा, तेही तळव्याएवढं — त्याच्या नव्हे, तुझ्यासारखीच एक डॉक्टरीणबाई होती, तिच्या तळव्याएवढं! डुकराची चरबी बंद. धुरावलेलं बंद. आणि त्याच्या जागी घेवडा, मसूर, हरभरे, वाटाणे, मूठभर अक्रोड. प्रोटीन त्यातही असतं म्हणे. मी विचारलं, बाई, तेच प्रोटीन? म्हणाली, तेच. मी म्हटलं, तेच असेल तर आमच्या वाडवडिलांनी डुकरं पाळली कशाला, हौस म्हणून? हसली. मला हसण्यासारखं काय होतं त्यात ते कळलं नाही.

आता तू शहरात शिकलेली, तरी घरी आजी असेल तुझी, तिला विचार. घेवडा आम्हीही खातो. बुधवारी, शुक्रवारी उपासाचा घेवडा — कांदा, तेल, लाल तिखट — ठीक आहे. ईस्टरच्या आधीचे सात आठवडे, तेही ठीक. देवासाठी आहे ते, आणि पुढे कोकरू आहे हे माहीत असतं. पण खायच्या-प्यायच्या दिवसांत, गुरुवारी, शनिवारी, नांदत्या घरात बिनमांसाचा घेवडा कधी शिजतो? माणूस गेल्यावर. चाळिसाव्या दिवसाला. माझ्या सासऱ्याच्या चाळिसाव्याला मीच केला होता, दोन मोठी पातेली, आणि लोक म्हणाले स्तामेन्का, तुझ्या हाताला चव आहे, देव त्याला क्षमा करो. तर हा निशहून आला, पहिला दिवस, आणि मी अगदी कागदाबरहुकूम केलं. कांदा, गाजर, तेलाचे दोन चमचे. ताट पुढे ठेवलं. तो ताटाकडे बघत बसला. मी त्याच्याकडे बघत बसले. रंग मेणासारखा झालेला त्याचा, शर्ट खांद्यावरून उतरलेला. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता फक्त मेणबत्ती लावायची राहिलीय. जिवंत माणसाच्या चाळिसाव्याचं जेवण मी रोज रांधायचं, आणि वर त्याला 'पोटभर जेव' म्हणायचं? माझा हात नाही वळला. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी ती फक्त शिजेस्तोवर, आणि वाढायच्या आधी काढूनच — काही नाही. काही म्हणाले नाही मी. सोल तू.

पेन खाली ठेव. आधी पेन खाली ठेव, मग सांगते. — बरगडी. एक बरगडी, धुरावलेली, दोन बोटांएवढी. जुन्या पडद्याची पिशवी शिवलीय मी तिला, त्यात बांधून पातेल्यात सोडायची आणि वाढायच्या आधी काढून टाकायची, म्हणजे त्याला दिसायला नको. मांस तर त्याच्या पोटात जातच नाही! नुसता वास. बरं, थोडी चरबी उतरत असेल, नाही कोण म्हणतंय? रोज एकच. रविवारी दोन. अशी डोळे मोठे करू नकोस माझ्यावर. मी त्याचं वाईट चिंतीन? सदतीस वर्षं संसार केलाय. माणूस उभा राहायला हवा म्हणून केलं, पडायला हवा म्हणून नव्हे. आणि तुमचेच कागद काय म्हणतात ते बघ की! जूनमध्ये रक्त तपासलं — सुधारलं. ऑगस्टमध्ये तपासलं — आणखी सुधारलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, तुमच्या सौभाग्यवतींचं कौतुक करायला हवं. मी तिथे मान खाली घालून उभी, आणि मनात म्हणतेय, बघा, हुशार लोक, माझ्या बरगडीनं रक्त सुधारलं आणि तुम्ही घेवड्याला श्रेय देताय!

पण मग घरी येऊन विचार करायला लागले. मी काही दूधखुळी नाही. बरगडीनं कुणाचं रक्त सुधारत नाही, एवढं मलाही कळतं. आणि माणूस अकरा किलोनं उतरलाय. माझ्या हातचं खाऊन आजवर या घरात कुणी उतरलेलं नाही, मांजरसुद्धा नाही. आणि आमचा झुचा, तो बघ, कुंपणापाशी पडलाय — कुत्रा आहे की पिंप? मार्चमध्ये त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. आता दारात अनोळखी बाई आली तरी भुंकायला उठत नाही, तू आलीस तेव्हा उठला का? — नाही ना! आणि तिहोमिर ताट घेऊन बाहेर जातो. एप्रिलपासून. घरात कोंदट वाटतं म्हणतो, हवेवर बसून जेवतो म्हणतो. ताट परत आणतो ते असं लख्ख, पावानं पुसल्यासारखं. 'छान झालाय, स्तामेन्का.' रोज. सदतीस वर्षांत त्यानं माझ्या जेवणाला छान म्हटलं नव्हतं गं! चांगलं नसेल तर सांगायचा, चांगलं असेल तर जेवायचा, एवढंच. आता रोज 'छान झालाय'. ज्या दिवशी नवरा कारण नसताना कौतुक करायला लागतो ना, त्या दिवशी बायकोनं चपला घालून त्याच्या मागे जावं. हे लिहून ठेव हवं तर, पुढे उपयोगी पडेल.

गेले मग मी मागे. म्हणजे टेकाडापर्यंतच. खाली ओढ्याजवळ आमची प्लमची बाग आहे, तिथे दारू गाळायची शेड. रोज दहा वाजता तो तिकडे जातो, साडेबाराला येतो. विचारलं तर म्हणतो, पिंपांत प्लम आंबतायत, ढवळायला लागतात. मी म्हटलं, मी येते मदतीला. तर म्हणतो, नको नको, दार उघडलं की हवा लागते, माल बिघडतो. किल्ली स्वतःच्या खिशात. आता मला सांग — बरं, तू व्लासोतिन्त्सेची, तुला माहीत असायला हवं — प्लम आंबतात सप्टेंबरात. हा मेपासून काय ढवळतोय? तेव्हा झाडावर फुलं गळून हिरव्या गोळ्या धरल्या होत्या! आणि कोटाला वास. तमालपत्राचा. दारूचा वास आला असता तर मी देवाचे आभार मानले असते.

आणि त्या शेडच्या कुंपणाला लागून घर कुणाचं? सांगते. एवित्साचं. विधवा आहे, चार वर्षं झाली. शनिवारवाल्यांतली आहे ती, रविवारऐवजी शनिवार पाळतात, डुकराला शिवत नाहीत, दारूला शिवत नाहीत, आणि जन्मभर काय खातात? मसूर! मसूर, हरभरे, सूर्यफुलाच्या बिया, कुठलं कुठलं गवत. पंचावन्नची आहे, पण चेहऱ्यावर सुरकुती शोधून सापडायची नाही, आणि चालते ती अशी तुरुतुरु. एप्रिलमध्ये यानंच तिचं फाटक दुरुस्त करून दिलं. मला म्हणाला, शेजारधर्म. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही. पण गेल्या रविवारी मला राहवेना. बरण्यांची झाकणं कमी पडतायत असं सांगून गेले तिच्या दारात. आत पाऊल टाकलं — वास! तमालपत्र! चुलीवर पातेलं, आणि ती मला बघून अशी लाल झाली, या मिरचीसारखी. झाकणं दिली. बसा म्हणाली, मी बसले नाही. आणि जाताना, उंबऱ्यात, माझ्या तोंडावर काय म्हणाली सांगू? 'तिहोमिरला सांगा, हरभरे रात्रभर भिजायला हवेत, दोन तासांत व्हायचे नाहीत.' — ऐकलंस? माझ्या नवऱ्याला माझ्याच तोंडून निरोप! आणि निरोप तरी कसला, हरभऱ्याचा? हे कसलं तरी ठरवलेलं बोलणं असणार. 'रात्रभर' काय, 'दोन तास' काय! चार दिवस झाले, मी त्या हरभऱ्यांवर झोपले नाहीये. त्याला निरोप दिला नाही. आजपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही मी. पण आता तूच घेऊन आलीस, काळ्यावर पांढरं — म्हणजे पांढऱ्यावर काळं. मंगळवार, मसूर. बुधवार काय आहे? — वाटाणे. गुरुवार? — हरभरे, कच्चे राहिले. कच्चे राहिले! आणि लिहितो दवाखान्याला! बायकोशी खोटं बोलेल, पण डॉक्टरला खरं सांगणार. घाबरलाय ना मरणाला. माणूस घाबरला की डॉक्टरशी प्रामाणिक होतो, बायको जाऊ दे ओढ्यात.

थांब. त्याच्या शेजारी रकाना कसला आहे? तो, अगदी कडेचा, ज्यावर तू हात ठेवलायस. — हात काढ. — पोरी, मी चांगल्या शब्दांत सांगतेय, हात काढ. 'कोणी शिजवलं.' वा! हे बरं केलंत, हा रकाना ठेवलात ते फार बरं केलंत. वाच. मंगळवार, दोन वाट्या मसूर, कोणी शिजवलं? — का नाही वाचणार? नियम? कसला नियम, नवऱ्याची वही बायकोनं वाचू नये असा? आत्ता तासभर वाचतेयस ती कुणाची वही होती? आण ती इकडे. माझा चष्मा — हा इथेच होता — हाताला मिरच्यांचा रस, आता पान खराब झालं तर तुझ्यामुळे. ए-वि-त्सा असं लिहिलेलं असेल, मला माहीत आहे, मी काही रडणार नाही, तू घाबरू नकोस. हं. मंगळवार.

'मी.'

मी म्हणजे? मी म्हणजे कोण? — तो? तिहोमिर? — तिहोमिरनं मसूर शिजवला? ज्यानं या घरात कधी चमचा विसळला नाही, चहाचं पाणी ठेवायला मला शेतातून हाक मारतो, त्यानं? बुधवार, 'मी'. गुरुवार, 'मी'. शुक्रवार — 'एवित्साबाईंनी दाखवलं, मी केलं.' दाखवलं. शनिवार, 'मी'. रविवार — 'बायकोनं, अर्धी पळी. नाही म्हणता आलं नाही.' — आणि खाली? खाली हे बारीक काय लिहिलंय, तू वाच, माझे डोळे — मिरच्यांचा धूर आहे हा. वाच. — 'कृपया घरी सांगू नये. ती बरगडी घालते. प्रेमानं घालते. तिला वाईट वाटेल.'

माहीत होतं त्याला. निखाऱ्यावर हात धरून मांस ओळखणारा माणूस, त्याला घेवड्यातली बरगडी नाही ओळखता येणार? मी पण अशी वेडी! पडद्याच्या पिशव्या शिवत बसले. पहिल्या दिवसापासून माहीत असणार. सहा महिने तो माणूस रोज माझं ताट उचलून बाहेर गेला, कुत्र्याला घातलं, ताट पुसलं, परत आणलं, आणि 'छान झालाय' म्हणाला. आणि मग त्या शेडमध्ये एकटा बसून कच्चे हरभरे खाल्ले त्यानं. — तू काही बोलू नकोस. तुला खरं सांगू का, बाई असती ना, तर बरं झालं असतं गं. बाई असती तर गेले असते, केस धरले असते, सगळ्या गल्लीला ऐकवलं असतं, आणि रात्री मोकळी होऊन झोपले असते. पण आता मी कुणाचे केस धरू? माझा माणूस माझ्या पळीला भ्यायला. मला म्हणाला का नाही, स्तामेन्का, बास कर, मला जगायचंय? एवढंच तर म्हणायचं होतं! — काय? — मी ऐकलं असतं का? — नसतं ऐकलं. तू लहान आहेस, असले प्रश्न मोठ्या माणसांना विचारू नयेत.

घे ते पेन. उचल म्हणते, आणि लिही त्याच्या खाली. बायकोनं सांगितलं: रोज एक बरगडी, रविवारी दोन, एप्रिलपासून. डॉक्टरीणबाईंना दाखव, त्यांनी केलेलं कौतुक परत घ्यावं. आणि पळी — मोजलीस? पावशेर? तेवढी नाहीये ती. बरं, असेल, तू मोजलीस ना. आणि हे बघ, त्या एवित्साचं मी सोडलेलं नाही. शिकवायचंच होतं तर फाटकाशी उभी राहून शिकवता आलं असतं, लाल कशाला व्हायला हवं होतं बाईनं? ते मी बघणारच आहे. ते वेगळं.

साडेबारा झाले. ऐक — ऐकलंस? सायकल. येतोय तो. वही पिशवीत टाक, लवकर, वर मिरच्या ठेव, चार घेऊन जा घरी. तू आली नव्हतीस. नाही — तू आली होतीस, पळी मोजलीस आणि गेलीस, वहीतलं काही बोलणं झालं नाही. आणि त्याच्या तोंडाकडे बघू नकोस जाताना, तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. मागच्या दारानं जा. — थांब, पोरी. मसूर पण आधी भिजवायला लागतो का गं, हरभऱ्यासारखा? आणि पाणी किती — नको. नको सांगूस. मी त्यालाच विचारते. जा तू आता, जा म्हटलं ना.